दर्शनी भिंतीचा दिवा

१

रोज दिवेलागणीला कावेरीबाई रस्ता ओलांडून पलीकडच्या लिंबाखाली जायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि आपल्याच इमारतीकडं परक्या बाईच्या नजरेनं बघायची. आपण लांबून आलोय, गाडीत वाकळेवर आडव्या पडलोय, कळा येऊन राहिल्यात, संग सासू हाय आणि सासूचा कुणावर इस्वास न्हाई. अशी बाई हे दार बघून गाडी थांबवंल का?

रोज उत्तर एकच यायचं. न्हाई थांबवायची.

इमारत लातूरच्या गंज बाजाराबाहेर, चाकूरकडं जाणाऱ्या गाडीरस्त्याला लागून होती. दगडी जोतं, वर विटा, त्यावर पांढरा चुना. कावेरीबाईचा नवरा रेणुकादास अडत्या होता. तो गेला तेव्हा ही जागा अर्धी तिच्या नावावर आणि अर्धी धाकटा दीर बापूसाहेब याच्या नावावर राहिली. तिनं अंगावरचं सोनं मोडून तिथं बाळंतघर बांधलं. का बांधलं ते गंजात सगळ्यांना मालूम होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. एकुलती लेक प्रेमला, ती पहिलटकरीण असताना तिची गाडी याच रस्त्यावर अंधारात फिरत राहिली होती. कुणाच्या दारात थांबावं ते गाडीवानाला कळेना, आणि पोरगी गाडीतच गेली.

बहिणीची लेक सिंधु हैद्राबादला बायकांच्या दवाखान्यात बाळंतपणाचं काम शिकून आली होती. खाटा आल्या, पातेली आली, एरंडेलाच्या बाटल्या आल्या. बाळंतीण तेवढी येईना.

बापूसाहेबानं सांगून टाकलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण रिकामं छप्पर दिसलं की त्याला झोप यायची नाही. दिवाळी झाली की गंजात कापूस उतरतो. तोवर एक तरी बाळंतीण या घरात आली तर घर वैनीचं, नाही तर पाडव्याला आत कापसाच्या गठाणी पडणार.

बाया न यायचं कारण उघड होतं. इमारतीचं तोंड दक्षिणेला होतं. रस्ताच तसा, त्याला कोण काय करणार. दक्षिणेला तोंड करून दिवा लावायचा तो यमाला, सालातून एकदा, धनतेरसला. म्हणून गवंडी सिद्रामप्पानं दर्शनी भिंतीत दिव्यासाठी एकही देवळी ठेवली नव्हती. दाराशी देवळी नाही असं घर अख्ख्या लातुरात दुसरं नसेल. दिवस बुडाला की ती भिंत वाळत घातलेल्या कफनासारखी उभी राहायची.

दिवा पाहिजे, हे कावेरीबाईनं पक्कं केलं. कोणता, तेवढंच ठरत नव्हतं.

पहिल्यांदा तिनं बँडवाल्याची गॅसबत्ती आणून दारावर टांगली. पांढराफेक उजेड, फुसफुस आवाज, किड्यांचा पाऊस. घटकाभरात दोन गाडीवान थांबले आणि खेळ कधी उभा राहणार, बाया कुठल्या, तिकीट किती असं विचारायला लागले. कावेरीबाईनं त्यांना असं काही सुनावलं की एकाचा पटका रस्त्यातच राहिला.

बत्ती विझवायला ती वळली, तेव्हा त्या उजेडात तिला एक गोष्ट दिसली. दाराच्या डाव्या अंगाला, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, चुन्यावर काजळी धरली होती. खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली, जिभेसारखी. सालोसाल एका जागी दिवा जळला की भिंतीला धरते, तशी.

भिंतीला चुना लावून अजून आठवडा झाला नव्हता.

२

कावेरीबाई काही भिणारी नव्हती. चौथी शिकली होती, पण अक्कल तिथं थांबवली नव्हती. गवंड्याच्या माणसांनी तिथं चहाला चूल मांडली असेल, असं म्हणून तिनं चुन्याचा कुंचला आणला आणि काळं पांढरं करून टाकलं.

सकाळी सडा टाकायला गेली तर काजळी जागेवर.

तिनं बोट लावलं. बोट काळं झालं. नाकाशी नेलं तर एरंडेलाचा वास. आता कोण एरंडेल जाळतं? तिच्या आजीच्या वेळची गोष्ट. हल्ली गरीबाच्या घरातसुद्धा घासलेटाची चिमणी आली होती. एरंडेल असायचं ते बाळंतिणीला पाजायला. ती तडक आत गेली आणि सिंधुच्या बाटल्या हलवून बघितल्या. सगळ्यांची बुचं लाखेनं बंद होती, तशीच होती.

मग तिचा संशय बापूसाहेबावर गेला. बाळंतघराला काळं लागतंय म्हटल्यावर बाया येणार नाहीत, गठाणींना जागा होईल. पण बापूसाहेबाला वाकायचं म्हणजे पोट आडवं यायचं. गुडघ्याएवढ्या उंचीवर काही करायला त्याला चटई टाकून बसावं लागलं असतं. आणि दुसरं असं, की ज्याला भिंत खराब करायची तो कोळसा घासेल, शेण मारेल. एवढी निगुतीनं काजळी कोण धरवणार?

तरी तिनं बंदोबस्त केला. पुन्हा चुना मारला आणि त्या जागेपुढं बाभळीच्या काट्या रचल्या. एकमेकींत अशा गुंतवल्या की मांजराला आत जाता येऊ नये.

सकाळी काट्या जशाच्या तशा होत्या. एक काटकी हललेली नव्हती. मागं भिंतीवर काजळीची जीभ होती, आणि कावेरीबाईनं काट्यांतून हात घालून तळवा टेकवला तर तेवढीच जागा कोमट लागली. बाकी भिंत दहिवरानं गार पडली होती.

हाताला ओरखडे घेऊन ती आत आली आणि चहा करायला बसली. उन्हं लवकर आली असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. चहात साखर टाकायची राहून गेली ते अर्धा पेला संपल्यावर कळलं.

गंजात मात्र बातमी फिरली. त्या घराला आपोआप काळं लागतं. नायगावकडची एक सून दिवस भरत आले म्हणून येऊन बघून जाणार होती, तिच्या सासऱ्यानं निरोप पाठवला की आम्ही आमच्या दाईकडंच करतो.

३

मग कंदील. नांदेडहून मागवलेले, जाड काचेचे, दोन. दाराच्या दोन अंगांना भिंतीतून लोखंडी हात काढून त्यांना टांगले. उजेड बरा होता, पिवळा, घरगुती. कावेरीबाई लिंबाखाली जाऊन बघते तर मालाच्या गाड्या लांबूनच वाट सोडून शेतातून चालल्या होत्या. एकाला अडवून विचारलं. तो म्हणाला, दोन कंदील दिसले, वाटलं करोडगिरीचं नाकं बसलं हितं. सरकारी जकातीच्या भीतीनं लोक चिखलातून जायला तयार, पण दारावरून जाईनात.

संध्याकाळी कंदील उतरवून ती बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसली. ही खोली दर्शनी भिंतीला लागूनच होती. मध्ये कोरी खाट, कोपऱ्यात नवी घंगाळं, छताला अजून ओल्या चुन्याचा वास. प्रसूतीची खोली जिवंत असते, पाणी उकळतं, कुणी ओरडतं, कुणी शिव्या देतं. ही नुसती वाट बघत होती. सिंधु दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

तिनं हळू विचारलं, मावशी, तुलाबी ऐकू येतंय का.

कावेरीबाईला ते मघापासून ऐकू येत होतं, पण ती मान्य करत नव्हती. भिंतीच्या आतून, खालच्या बाजूनं, वात तडतडल्याचा आवाज. तेलात पाण्याचा थेंब गेल्यावर होतो तसा. थांबायचा, पुन्हा व्हायचा. मध्येच एकदा किणकिण झालं, काचेची बांगडी दगडाला लागावी तसं.

"उंदीर असंल," कावेरीबाई म्हणाली.

"उंदीर बांगड्या घालतो का मावशी?"

"हैद्राबादला जाऊन लई बोलाया शिकलीस."

दोघी तिथून उठल्या, पण पळाल्या नाहीत. कावेरीबाईनं जाताना खोलीचं दार लोटलं नाही, उघडं ठेवलं. का ते तिलाही सांगता आलं नसतं. आत कुणी असलं तर कोंडलं जाऊ नये, एवढंच मनात आलं, आणि मग आपल्याच मनाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी तिनं सरळ बिजली आणायचं ठरवलं. गावात बिजली येणार येणार म्हणून राहिले होते, आली नव्हती. पण शेजारच्या कापसाच्या जिनिंगात बसलिंगप्पा शेठचा स्वतःचा डायनामो होता, आणि सरकारी जुबिलीच्या उत्सवाला रोषणाई केली त्यातले काचेचे गोळे त्याच्याकडं पडून होते. हंगामाआधी तो रोज संध्याकाळी इंजिन चालवून बघायचा. कावेरीबाईनं पूर्वी त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोची दोन बाळंतपणं निस्तरली होती, त्यामुळं तार ओढून मिळाली. कंदिलाच्या लोखंडी हातांनाच दोन गोळे बसवले, एक दारावर.

इंजिन सुरू झालं. गोळे लाल झाले, पिवळे झाले, मग भिंत अशी उजळली की सिंधुनं टाळ्याच वाजवल्या. इंजिनाच्या ठेक्यावर उजेड जरासा श्वास घ्यायचा. कावेरीबाई धावत लिंबाखाली गेली. हे घर तिला पहिल्यांदा कुणाचं तरी घर वाटलं.

मग तिला वाटलं, काहीतरी उलटं आहे.

दिवे वर होते. वरून उजेड पडला की सावली खाली पडते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दाराच्या कडीची सावली खाली पडायला पाहिजे होती. ती वर पडली होती, चौकटीवरून लांब वर गेली होती. लोखंडी हातांच्या सावल्या खाली जोत्याकडं नाही, वर वळचणीकडं गेल्या होत्या, तिरप्या, उजवीकडं कललेल्या. जणू डावीकडं खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, या तिन्ही गोळ्यांना भारी पडेल असा दिवा जळत होता.

तिथं दिवा नव्हता. तिथं नुसती भिंत होती.

ती जवळ गेली. वारा असेल, तारा हलत असतील, डोळ्याला झापड असेल. तिनं त्या जागेपुढं हात धरला. लगेच तिच्या पाच बोटांची सावली भिंतीवर उमटली, वर सरकत सरकत गेली आणि वळचणीला जाऊन लागली, घराएवढी मोठी. तिनं हात मागं घेतला. सावली खाली आली आणि विझली.

सिंधुनं ते बघितलं होतं. रस्त्यानं चाललेल्या दोन बायांनीही बघितलं होतं. त्या पदर तोंडाशी धरून निघून गेल्या.

४

सिद्रामप्पा गवंडी बोलवल्यावर आला, पण भिंतीकडं पाठ करून उभा राहिला. कावेरीबाईनं त्याला पाणी दिलं, सुपारी दिली आणि मग विचारलं. तो म्हणाला, भिंत माझी ओळंब्यात हाय, कुणी बी येऊन तपासावं. ती म्हणाली, भिंत सरळ हाय, तू वाकडा हायेस. काय घातलंस त्या जोत्यात?

"काय न्हाई आक्का. दगडच."

"कुठला दगड?"

तो सुपारी चघळत राहिला. मग म्हणाला, "जोत्याला दगड कमी पडून राहिले हुते. रस्त्याच्या कडंला माती उकरताना एक घडीव दगड घावला. मधी खळगी, ओंजळीएवढी. वरनं खालपर्यंत काजळी. दर्शनी भिंतीला काळा दगड लावला तर लोक मलाच नावं ठेवणार. म्हून काळी बाजू आत केली."

"कुणाचा दगड हुता तो?"

"मला काय मालूम. मी इचारलं बी न्हाई." त्यानं मागं न बघता अंगठ्यानं दाखवलं. बरोबर काजळीवर.

कावेरीबाईनं काजळीकडं बघितलं. तिच्या मनात प्रेमला येऊन गेली, येणारच. पण प्रेमला नव्हती ती. प्रेमलाला दिवा लाव म्हणून दहा हाका माराव्या लागायच्या, तेव्हा कुठं उठायची, तेही तोंड वाकडं करून. ही रोज न सांगता लावणारी होती. तोंड बुजवलं तरी लावणारी. उभ्या माणसानं ठेवलेला दिवा खांद्याशी असतो, हा बसल्या माणसानं ठेवलेला होता. रस्त्याच्या कडेला, कुणाची तरी वाट बघत. तिला भीती वाटली, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्या खाली दुसरंही काही वाटलं. आपल्या घरात दुसऱ्या कुणाच्या चुलीवरचा वास यावा तसं. एकटं नसल्याचं.

"उद्या ये," ती म्हणाली. "पहार घेऊन. काळी बाजू बाहेर कर."

"उद्या धनतेरस हाय आक्का."

"मला तिथी कळती."

बापूसाहेबाला बातमी लागायला वेळ लागला नाही. तो आला, ओट्यावर बसला, धोतरानं वारा घेत समजुतीचं बोलला. म्हणाला, वैनी, भिंत फोडू नका, लोक आधीच काय काय बोलून राहिलेत. दक्षिणेला दिव्याचं तोंड करून कुणाचं भलं झालंय का.

"सालातून एकच दिवस तसा दिवा लावायची मुभा हाय, भाऊजी. त्या दिवशी लावलेल्या दिव्याला कोण नावं ठेवंल?"

"तो यमाचा दिवा असतो."

"मग यमाला बी दिसू द्या, हितं कोण राहतंय ते."

बापूसाहेबानं धोतर झटकलं. उठताना एवढंच म्हणाला, की पाडव्याला गाड्या सांगून ठेवल्यात.

५

सिद्रामप्पा आला ते दुपार कलल्यावर, आणि काम करताना बायकोचं नाव घ्यावं तसं देवाचं नाव घेत होता, अडखळत. चुना खरवडला, सांधे मोकळे केले, पहार घातली. दगड काही सुटेना. त्यात दिवस बुडाला. जिनिंगात इंजिनाची पूजा होती, म्हणून आज बिजली नाही. सिंधुनं गॅसबत्ती पेटवायला घेतली तर तिची जाळी हातातच राख झाली. कंदील लावायचे तर पुन्हा नाकं. गावात घरोघर दिवे लागले होते, इकडं रस्त्याला मिट्ट अंधार पडायला लागला होता. बापूसाहेब तमाशा बघायला आल्यासारखा ओट्यावर येऊन बसला होता.

दगड अखेर हलला. सिद्रामप्पानं तो ओढून बाहेर काढला आणि पहार टाकून दोन पावलं मागं सरला.

कावेरीबाई खाली बसली. खळगी काळी होती, आठ महिने दगड-चुन्यात बंद होती. तिनं बोट घातलं. बोट ओलं झालं. ताजं तेल होतं, कोमट.

तिनं बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "फिरव."

"आक्का..."

"फिरव म्हणते न्हवं."

दगड फिरला. काळी बाजू बाहेर आली. दर्शनी भिंतीत, दाराच्या डाव्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक देवळी झाली. सिंधुनं कणकेचा दिवा आणून दिला, एरंडेलाची बाटली फोडली. बापूसाहेब ओट्यावरून म्हणाला, एवढ्या मोठ्या इमारतीला एवढासा दिवा, वैनी, लोक हसतील.

कावेरीबाईनं काडी ओढली. वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली, तीही गेली. चाकूरच्या बाजूनं मोकळ्या रानावरून वारा सरळ येत होता. तिसरी काडी तिनं दोन्ही तळव्यांच्या आत धरली, वातीला लावली. ज्योत उभी राहिली आणि लगेच आडवी झाली.

तेव्हा तिला भिंतीवर हातांच्या सावल्या दिसल्या. ज्योतीच्या दोन्ही बाजूंना तिचे दोन तळवे होते, जाड, सुरकुतलेले. आणि वाऱ्याच्या बाजूला तिसरा तळवा होता. लहान, बोटं एकमेकांना चिकटवून खोलगट केलेला, दिव्यापुढं हात धरायची ज्या बाईला सवय असते तिच्यासारखा. त्या मनगटाच्या सावलीवर बांगड्यांच्या रेघा होत्या. कावेरीबाईनं बांगड्या उतरवून सालं झाली होती.

ज्योत सरळ झाली.

कावेरीबाईच्या उजव्या कानाशी कुणाचा तरी श्वास होता. मान जराशी वळवली असती तर दिसलं असतं. तिची मान ताठ झाली होती. ती वळवायची नाही, हे तिनं ठरवलं की तिच्या मानेनं, कोण जाणे.

"धर नीट," ती हळूच म्हणाली. "मी वात पुढं सारते."

तिनं वात पुढं सारली. ज्योत मोठी झाली. किणकिण झालं, आणि भिंतीवर फक्त तिचेच दोन हात राहिले.

ती उठली. सिंधुकडं बघितलं तर पोरगी भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर हात.

आणि तेवढ्यात घुंगरं वाजली.

गाडी दारावरून पुढं गेली. बापूसाहेबानं सुस्कारा सोडला, दुःखाचा की सुटकेचा ते त्यालाच ठाऊक. मग बैल थबकले. गाडीवानानं त्यांना मागं रेटलं, गाडी कुरकुरत उलटी आली आणि बरोबर दारासमोर थांबली. आतून एक म्हातारी उतरली, मग तिच्या खांद्याला लोंबकळत एक पोरगी, कमरेतून पार वाकलेली. पोरीनं वर बघितलं नाही. ना इमारतीकडं, ना दाराकडं. तिची नजर जमिनीवर होती, पावलापुढं. खालचा दिवा तिच्या डोळ्यासमोर आला, तशी ती त्याच्या उजेडात पायऱ्या चढली आणि आत गेली. सिंधु तिच्या मागं धावली.

गाडीवान व्यंकटी चाकूरच्या पुढचा होता, पोरगी त्याची बायको, म्हातारी त्याची आई नागाबाई. त्याला बोलताना धाप लागत होती. म्हणाला, गावातल्या दवाखान्यात निघालो होतो, हे घर असलं कायबाय ऐकलं होतं, इथं थांबायचंच नाही असं आईनं बजावलं होतं.

"मग थांबलास कसा?"

व्यंकटीनं पटका काढून डोकं खाजवलं. "नदी ओलांडली अन् दिवस बुडाला. वाट दिसंना. पुढं उजेड बी दिसंना, खोटं कशाला सांगू. पण बैलांच्या सावल्या दिसून राहिल्या हुत्या. मागं पडलेल्या, लांब, पार गाडीखालनं मागं गेलेल्या. म्हटलं सावली मागं हाय तर उजेड पुढं असणार. सावली सरळ मागं ठिवत गाडी हाकत आलो. हितनं पुढं गेलो अन् सावल्या एकदम पुढं पडल्या. म्हटलं, मागं राहिलं. गाडी परत घेतली."

कावेरीबाईनं विचारलं, सावल्या कधीपास्नं दिसत होत्या म्हणालास?

"नदीपास्नं, बाई. तासभर झाला असंल."

तासापूर्वी दगड भिंतीत होता, काळी बाजू आत. काडी कुणी ओढलीच नव्हती. कावेरीबाईनं बापूसाहेबाकडं बघितलं. त्यानं ऐकलं होतं. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

"भाऊजी, बंब पेटवा," ती म्हणाली, आणि आत गेली.

६

मूल जेवणवेळेच्या आत झालं. पोरगी. नागाबाईनं तोंड वाकडं करायला घेतलं, तर कावेरीबाईनं तिच्याकडं असं बघितलं की म्हातारीनं वाकडं झालेलं तोंड सरळ केलं आणि नातीच्या कानाशी कुर्रर्र केलं. आईला तापही आला नाही.

पाडव्याला गाड्या आल्या नाहीत. बापूसाहेबानं गठाणी दुसरीकडं टाकल्या, वैनीला सांगितलंही नाही. त्यानंतर तो या भिंतीपुढून जाताना काही न बोलता पायातलं काढायचा, आणि कुणी बघितलं तर खडा गेलाय म्हणायचा.

दिवे कोणते लावायचे ते सिंधुनं ठरवलं. म्हणाली, मावशी, आपण बिनकळांच्या बाईसारखं लिंबाखाली उभं राहून बघून राहिलो हुतो. वेणा येणारी बाई वर बघत न्हाई. पायाकडं बघती. मग सिद्रामप्पानं दाराच्या उजव्या अंगाला, पायऱ्यांच्या बाजूला, जोत्याच्या कोपऱ्यावर, सगळ्या देवळ्या खाली काढल्या. गुडघ्याएवढ्या. लातुरात असं दुसरं घर नव्हतं. लांबून बघितलं तर इमारत अंधारातच असायची, नुसती जमीन उजळलेली. बाया यायला लागल्या. चाकूरहून आल्या, पार इस्लापूरकडची माहेरवाशीण आली.

एरंडेल कावेरीबाई फक्त एकाच देवळीत घालायची. तिथली वात ती कधी करून ठेवत नसे, आणि वात कधी कमी पडली नाही. त्या वाती जाड असायच्या, डावीकडून वळलेल्या. तशी वात वळणारी बाई तिनं हयातीत बघितली नव्हती. पहिल्या पहिल्यांदा ती देवळीशी वाकताना आपलंच मनगट दुसऱ्या हातानं धरून ठेवायची. मग सवय झाली. मग दिवसभरात काय घडलं ते तिथं बसून, भिंतीला उद्देशून, दोन शब्द सांगायची सवय झाली. कुणाला काय झालं, कोण नडलं, कोण वाचलं.

पुढं गावात बिजली आली. सरकारी माणसांनी दर्शनी भिंतीवर, उंच, दोन झकास गोळे बसवून दिले. कावेरीबाई नको म्हणाली नाही. दिवेलागणीला ती जुन्या सवयीनं रस्ता ओलांडून लिंबाखाली गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गोळे लखलखून पेटले.

ती हसली, आणि आत पाणी तापवायला गेली. भिंतीवर दोन्ही गोळे जळत होते, आणि जळत्या गोळ्यांच्या सावल्या वर वळचणीकडं गेल्या होत्या.